माधव गाडगीळ यांच्यावरचा लेख नीट व्हावा म्हणून : मराठी विकिपीडियाच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी विकिपीडियाचे संपादक, प्रचालक आणि नव्याने लिहू लागलेले सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्यावरच्या लेखात आणखी एक पुरस्कार घालायला दहा मिनिटे पुरतात. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने केंद्र सरकारला दिलेल्या पश्चिम घाट अहवालावरचे चार परिच्छेद नीट लिहायचे तर दहा दिवस लागतात. हे पत्र त्या दहा दिवसांच्या कामाबद्दल आहे.

दर पावसाळ्यात सह्याद्रीत कुठेतरी दरड कोसळते आणि हे नाव पुन्हा शोधले जाते. शोधणाऱ्याच्या मनात प्रश्न एकच असतो : त्या अहवालात नेमके काय होते आणि त्याचे पुढे काय झाले? तालुक्याचा वार्ताहर, स्पर्धापरीक्षेचा विद्यार्थी, ग्रामसभेत बोलायला उभी राहणारी बाई, या सगळ्यांना हे उत्तर मराठीत हवे असते. मूळ अहवाल इंग्रजीत, दोन भागांत, तक्त्यांनी भरलेला आहे. म्हणून विश्वकोशातला लेख जे सांगेल तेच पुढे मार्गदर्शक पुस्तकांत जाते आणि भाषणांत येते. तिथे आकडा चुकला की तो दहा ठिकाणी चुकतो.

सुरुवात नावापासून करावी लागेल. लेखाच्या माथ्यावर निःसंदिग्धीकरणाची, म्हणजे सारख्या नावांतला फरक सांगणारी ओळ हवीच. ‘गाडगीळ सूत्र’ माधवरावांचे नव्हे. ते त्यांचे वडील, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे. योजना आयोगाचे उपाध्यक्ष असताना राज्यांना केंद्रीय साहाय्य कसे वाटावे यासाठी ते तयार झाले आणि चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून वापरात आले. १९६९ साली बँकांच्या संदर्भात ज्या ‘गाडगीळ अभ्यासगटा’ने क्षेत्रवार जबाबदारीची कल्पना मांडली आणि ज्यातून अग्रणी बँक योजना आली, तोही धनंजयरावांचाच. काकासाहेब गाडगीळ हे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मंत्री, तर गंगाधर गाडगीळ हे नवकथाकार. ‘गाडगीळ समिती’ असे शोधणारा वाचक अर्थशास्त्राचा विद्यार्थीही असू शकतो. त्यामुळे या नावाचे पुनर्निर्देशन थेट माधवरावांच्या लेखाकडे करू नये. तिथे निःसंदिग्धीकरणाचे पान करावे आणि समितीसोबत साल लिहावे. सुलोचना गाडगीळ यांचा उल्लेख ‘पत्नी’ एवढ्यावर संपवू नये, हेही इथेच सांगतो. त्या मान्सूनच्या नामवंत अभ्यासक. त्यांच्या नावाला त्यांच्या स्वतंत्र लेखाचा दुवा हवा.

पहिल्या वाक्यात ‘पर्यावरणवादी’ हा शब्द घालण्याचा मोह होतो. तो टाळा. गाडगीळ हे परिसरशास्त्रज्ञ. सजीव आणि त्यांच्या परिसराच्या नात्याचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे परिसरशास्त्र. पर्यावरणवाद ही भूमिका आहे, ती शास्त्रज्ञाची असू शकते किंवा नसूही शकते. शब्दांचा हा घोळ झाला की चळवळीतला माणूस सरकारी समितीवर नेमला गेला, असे चित्र उभे राहते आणि त्या अहवालामागची पद्धत वाचायचे कारणच वाचकाला उरत नाही.

कालक्रम छोटा पण अचूक असू द्या. २४ मे १९४२ला पुण्यात जन्म. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९६३ साली पदवी, मुंबई विद्यापीठाची प्राणिशास्त्रातली पदव्युत्तर पदवी १९६५ साली, हार्वर्डची डॉक्टरेट १९६९ साली. १९७१ साली परत येऊन पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम. इथे ‘आघारकर संशोधन संस्था’ असे लिहिले जाते, पण आघारकरांचे नाव संस्थेला १९९२ साली दिले गेले. १९७१च्या संदर्भात तेव्हाचेच नाव लिहावे आणि आजचे नाव जोडून सांगावे. १९७३पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, तिथे १९८३ साली सुरू झालेले परिसरविज्ञान केंद्र, २००४ साली निवृत्ती. एवढे दोन परिच्छेदांत बसते.

शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे स्थान कशामुळे आहे, हे मात्र एका ओळीत उरकू नये. १९७० साली विल्यम बॉसर्ट यांच्यासोबत त्यांनी ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. प्रश्न असा : सजीवाकडे ऊर्जा मर्यादित असते, तर ती वाढीसाठी किती वापरावी आणि प्रजननासाठी किती? पॅसिफिक महासागरातला सामन मासा एकदाच भरपूर अंडी घालून मरतो, वड वर्षानुवर्षे फळतो; निसर्गाच्या निवडीत या दोन्ही तऱ्हा कशा टिकतात, याचे गणित त्यात मांडले आहे. त्या विषयात हा निबंध आजही पायाभूत मानला जातो. विश्वकोशातल्या लेखात त्याला पाचसहा वाक्ये द्यावीत आणि ती नववीतल्या मुलाला कळतील अशी असावीत. यंत्राने भाषांतर केले की इथे ‘जीवन इतिहास सिद्धांत’ असे काहीतरी उमटते आणि वाचकाला ते आत्मचरित्र वाटते. ‘जीवनक्रम’ लिहा.

भाषांतराचा विषय निघालाच आहे. इंग्रजी लेख यंत्रातून काढून थोडा साफ करून टाकण्याची पद्धत या चरित्राला विशेष घातक आहे, कारण त्यातले निम्मे शब्द मुळात आपल्याकडचेच. ‘सेक्रेड ग्रोव्ह’चे ‘पवित्र उपवन’ होते. शब्द आहे देवराई. रत्नागिरीकडे देवरहाटी, कर्नाटकात देवरकाडु, केरळात कावु. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासोबत गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलेला निबंध १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’त आला. देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत आजूबाजूला नाहीशी झालेली झाडे टिकून आहेत, म्हणजे लोकांची राखणूक हीसुद्धा संवर्धनाची पद्धत आहे, हा त्यांच्या धोरणविचाराचा उगम तिथे दिसतो. ‘पवित्र उपवन’ लिहिले की हा सगळा धागाच तुटतो. तसेच ‘पॅनेल’ म्हणजे ‘पटल’ नव्हे, तज्ज्ञ गट. ‘फेलो’ म्हणजे ‘सहकारी’ नव्हे, संस्थेने निवडलेला मानाचा सदस्य.

कर्नाटकातल्या बांबूचे प्रकरण चरित्रांत सहसा वगळले जाते. आमच्या मते ते नक्की हवे. कागद गिरण्यांना बांबू पुरवला जात होता आणि बांबूची बेटे आटत होती. १९७०च्या दशकाच्या मध्यावर राज्य सरकारच्या सांगण्यावरून गाडगीळ आणि त्यांचे सहकारी त्याची कारणे शोधू लागले. बेटाच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. वनखाते ते काढून टाकत असे. बेट मोकळे झाले की वाढ चांगली होते, अशी समजूत होती. गावकरी उलट सांगत : काटे काढले की कोवळे कोंब गुरे आणि रानटी जनावरे खातात. मोजणी केल्यावर गावकरी बरोबर ठरले. बांबूच्या साठ्याचे खात्याचे अंदाजही प्रत्यक्षापेक्षा खूप फुगलेले निघाले. तीस-पस्तीस वर्षांनी पश्चिम घाट अहवालात ग्रामसभेला इतके महत्त्व का आले, हे हा प्रसंग वाचलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१९८६ साली घोषित झालेले, ५,५२० चौ. किमीचे निलगिरी जीवावरण राखीव क्षेत्र हे देशातले पहिले. त्याच्या आखणीत त्यांचा वाटा होता. ‘त्यांनी स्थापन केले’ असे लिहू नका, क्षेत्र सरकार स्थापन करते. लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावाने आपल्या परिसरातल्या सजीवांची ठेवलेली नोंद, तिच्याबद्दलही हेच. कल्पना रुजवण्यात आणि सुरुवातीच्या नोंदवह्या करून पाहण्यात गाडगीळ आघाडीवर होते, पण नोंदवहीला कायद्याचे बळ जैविक विविधता अधिनियम २००२ आणि त्याखालच्या २००४च्या नियमांनी दिले. या नियमांनुसार नोंदवही तयार करणे हे स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचे मुख्य काम. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभर घाईने नोंदवह्या भरल्या गेल्या. त्या घाईचा हिशेब गाडगीळ यांच्या खात्यावर मांडू नये. रामचंद्र गुहा यांच्यासोबतच्या, १९९२ सालच्या ‘धिस फिशर्ड लँड’ या परिसर-इतिहासाला स्वतंत्र परिच्छेद हवा, कारण इतिहासाचे अभ्यासक त्यांना मुख्यतः त्या पुस्तकामुळे ओळखतात.

आता अहवाल.

पहिली सूचना मांडणीची. ‘पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट’ या नावाचा स्वतंत्र लेख करा आणि चरित्रात त्याचा अडीचशे-तीनशे शब्दांचा सारांश ठेवा. सगळे चरित्रातच कोंबले तर अठरा महिन्यांच्या कामाखाली पन्नास वर्षांचे शास्त्रज्ञपण दबते, आणि अहवालावरचा वाद माणसावरचा वाद होऊन बसतो.

दुसरी सूचना तारखांची. फेब्रुवारी २०१०मध्ये निलगिरीतल्या कोटगिरीला पश्चिम घाट बचाव चळवळीची बैठक झाली, तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश तिथे होते. ४ मार्च २०१०ला मंत्रालयाने तज्ज्ञ गट नेमला. ३१ ऑगस्ट २०११ला अहवाल सादर झाला. त्यानंतर तो जाहीर झाला नाही. माहिती अधिकारात मागणी झाली, केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२मध्ये तो खुला करण्याचा आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले, आणि मे २०१२मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला. ‘२०११ साली अहवाल प्रसिद्ध झाला’ हे वाक्य म्हणून चूक आहे. सादर होणे आणि प्रसिद्ध होणे यांत जवळजवळ नऊ महिने गेले. त्या महिन्यांत अहवाल कोणी वाचलेला नव्हता, त्याबद्दलची बोलणी मात्र चालू होती. लेखात या दोन तारखा दोन वेगळ्या वाक्यांत, दोन वेगळ्या संदर्भांसह याव्यात.

तिसरी सूचना पद्धतीची, आणि सर्वांत जास्त कष्ट इथेच आहेत. गटाने तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,४९० किमी लांबीचा, १,२९,०३७ चौ. किमीचा, सहा राज्यांतल्या १४२ तालुक्यांचा प्रदेश विचारात घेतला. अक्षांश-रेखांशाच्या पाच-पाच मिनिटांच्या चौकटी पाडल्या. एक चौकट साधारण ९ किमी लांब आणि तेवढीच रुंद, अशा सुमारे २,२०० चौकटी. प्रत्येक चौकटीला प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच प्रदेशात आढळणाऱ्या) वनस्पती, धोक्यातले प्राणी, सदाहरित जंगलाचे प्रमाण, उंची, उतार, नदीकाठ अशा निकषांवर १ ते १० गुण दिले. मग राज्याराज्याने वेगळी तुलना केली. त्या राज्यातल्या अभयारण्यांच्या चौकटींना जेवढे गुण मिळाले, त्याच्या तोडीचे गुण असलेली पण संरक्षण नसलेली चौकट क्षेत्र १मध्ये, म्हणजे तीन स्तरांतल्या सर्वांत संवेदनशील स्तरात; क्षेत्र ३ सर्वांत कमी संवेदनशील. अभयारण्ये आणि क्षेत्र १ मिळून सर्वसाधारणपणे ६० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत आणि क्षेत्र ३ सुमारे २५ टक्के असावे, ही मर्यादा गटाने स्वतःच घालून घेतली.

इथून तीन चुका जन्माला येतात. एक : ‘साठ टक्के भागात बंदी’. वर म्हटलेली मर्यादा ही बंदीची टक्केवारी म्हणून वाचली जाते. गटाने सगळाच प्रदेश परिसरदृष्ट्या संवेदनशील मानला आणि त्यात तीन स्तर केले. कोणत्या स्तरात काय चालेल आणि काय नाही, याचे तक्ते वेगळे आहेत. दोन : दोन राज्यांतल्या चौकटींची तुलना. गुणांची तुलना राज्याच्या आतली असल्याने केरळातल्या क्षेत्र २ला गुजरातेतल्या क्षेत्र १पेक्षा जास्त गुण असू शकतात. तीन : चौकटीची सीमा हीच अंतिम सीमा समजणे. ९ किमीची चौकट गावाची हद्द ओळखत नाही, एकाच गावाचे दोन भाग करते. अंतिम आखणी सूक्ष्म पाणलोट आणि गावाच्या हद्दी धरून, ग्रामसभांशी बोलून व्हावी, असे गटाने म्हटले आहे. ही शिफारस वगळून लिहिलेला सारांश कितीही संदर्भ जोडले तरी खोटा ठरतो. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी आपणहून संवेदनशील क्षेत्राची मागणी करणारे ठराव केले होते, हेही त्याच परिच्छेदात यावे.

‘शेतीवर बंदी’ हा आरोप कुठून आला, तेही लेखात उलगडावे. अहवालात रासायनिक कीटकनाशके टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितले आहे : क्षेत्र १मध्ये ५ वर्षांत, क्षेत्र २मध्ये ८, क्षेत्र ३मध्ये १०. तीस टक्क्यांहून जास्त उतारावर दरवर्षी नांगरावी लागणारी पिके टाळून बहुवार्षिक पिकांकडे वळावे, असे आहे. क्षेत्र १मध्ये शेतजमीन बिगरशेती करू नये असे आहे, पण तिथल्याच लोकांच्या वाढत्या घरांसाठी अपवाद ठेवला आहे. जमीन बिगरशेती करू नका, हा नियम शेती राखणारा आहे; ‘शेतीवर बंदी’ या दोन शब्दांत तो उलटा होऊन गावोगाव गेला. संपादकाने इथे स्वतःचे मत लिहू नये. शिफारस काय, आरोप काय आणि आरोप कोणी केला, या तीन गोष्टी तीन वाक्यांत लिहाव्यात. वाचक ताडून पाहील.

चौथी सूचना कस्तुरीरंगन गटाबद्दल, म्हणजे गाडगीळ अहवालाचा फेरविचार करण्यासाठी केंद्राने नेमलेल्या दुसऱ्या गटाबद्दल. ऑगस्ट २०१२मध्ये नेमलेल्या आणि एप्रिल २०१३मध्ये अहवाल दिलेल्या या गटाने पश्चिम घाटाची व्याप्तीच वेगळी धरली : १,६४,२८० चौ. किमी. एकक चौकटीऐवजी गाव. त्यातला सुमारे ३७ टक्के, म्हणजे ५९,९४० चौ. किमी, ४,१५६ गावांत पसरलेला भाग संवेदनशील ठरवला. ‘गाडगीळांचे ६४ टक्के कस्तुरीरंगन यांनी ३७वर आणले’ असे वाक्य सर्रास दिसते. छेदच वेगळे आहेत. हेच ५९,९४० गाडगीळ गटाच्या १,२९,०३७ने भागले तर ४६ टक्के येतात. टक्केवाऱ्या शेजारी ठेवायच्याच असतील तर दोन्ही एकूण क्षेत्रफळे त्याच ओळीत द्या, नाहीतर टक्केवाऱ्या सोडून चौ. किमी लिहा.

त्यानंतरचे आकडे संवेदनशील क्षेत्र घोषित करण्यासाठी केंद्राने राजपत्रात काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यातले. १० मार्च २०१४च्या मसुद्यात ५६,८२५.७ चौ. किमी आहे : कर्नाटक २०,६६८, महाराष्ट्र १७,३४०, केरळ ९,९९३.७, तमिळनाडू ६,९१४, गोवा १,४६१, गुजरात ४४९. बेरीज करून पाहा, जुळते. ५९,९४०मधून वजा झालेले ३,११४.३ चौ. किमी पूर्णपणे केरळचे. तिथले क्षेत्र १३,१०८वरून ९,९९३.७वर आले. अशी बेरीज-वजाबाकी करून पाहणे हा आकडे तपासण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. जिथे हिशेब जुळत नाही तिथे बहुधा दोन कागदांतले आकडे एकत्र झालेले असतात. मसुदे त्यानंतर २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि ३१ जुलै २०२४ला पुन्हा निघाले. हे सर्व मसुदे कस्तुरीरंगन अहवालावर बेतलेले. बातमीत कोणी ‘गाडगीळ अहवालाचा मसुदा’ म्हटले असले तरी लेखात तसे येऊ देऊ नका.

‘संवेदनशील क्षेत्र’ हे शब्दही तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतात : गाडगीळ गटाचे तीन स्तर, कस्तुरीरंगन गटाची गावे, आणि अभयारण्यांच्या भोवती स्वतंत्र अधिसूचनेने आखले जाणारे पट्टे. १ जुलै २०१२ला पश्चिम घाटातली ३९ स्थळे जागतिक वारसा यादीत गेली, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी त्यात आहेत. ती चौथी, पूर्ण वेगळी गोष्ट. प्रत्येक वेळी कोणते क्षेत्र ते सांगितल्याशिवाय हा शब्द लिहूच नये.

टीकेला जागा द्या, आणि मोकळेपणाने द्या. गाडगीळ यांच्याबद्दल आदर असलेले संपादकच बहुधा हा लेख लिहितील, म्हणून हे मुद्दाम सांगतो. चौकट मोठी असल्याने गावपातळीवर संभ्रम झाला, ही टीका आहे. वस्त्या-शेते आणि जंगल यांत पुरेसा भेद केला नाही, ही कस्तुरीरंगन गटाची टीका आहे. आलेल्या १,७५० प्रतिसादांपैकी ८१ टक्के अहवालाच्या बाजूने नव्हते, असेही त्या गटाने नोंदवले. हा आकडा लेखात असावा, पण तो आपणहून लिहून पाठवलेल्या प्रतिसादांचा आहे, लोकसंख्येच्या पाहणीचा नाही, हे त्याच वाक्यात असावे. मे २०१३मध्ये गाडगीळ यांनी कस्तुरीरंगन यांना खुले पत्र लिहून उत्तर दिले. आर्थिक निर्णयांत स्थानिकांना स्थान नाकारणे पंचायती आणि नगरपालिकांना अधिकार देणाऱ्या, घटनेच्या ७३व्या आणि ७४व्या दुरुस्तीशी विसंगत आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप. टीका आणि उत्तर दोन्ही आले की परिच्छेद पुरा होतो. नोव्हेंबर २०१३मध्ये इडुक्की आणि वायनाडमध्ये जे आंदोलन पेटले ते कस्तुरीरंगन अहवालावरून, हेही तारखेसह स्पष्ट करा.

दरडींबद्दल सर्वांत जास्त सावध राहावे लागेल. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातले माळीण, २०२१ साली तळिये, २०२३ साली इर्शाळवाडी, ३० जुलै २०२४ला वायनाडमधले मुंडक्कै-चूरलमला. प्रत्येक वेळी ‘अहवाल मानला असता तर हे टळले असते’ असे लिहिले जाते. गाडगीळ यांनी स्वतः असे काही म्हटले असेल तर त्यांच्या नावाने, तारखेने लिहा. एखाद्या भूशास्त्रज्ञाने म्हटले असेल तर त्याच्या नावाने. लेखाच्या स्वतःच्या आवाजात ते लिहू नका. दरडीमागे पाऊस, उतार, मातीची जाडी, खडकाची झीज, तोडलेली झाडे आणि कापलेले रस्ते असे बरेच काही असते, आणि प्रत्येक गावाचा हिशेब वेगळा. जे कागदावर आहे ते मात्र निःसंकोच लिहावे. वायनाडमधला वैथिरी तालुका अहवालात क्षेत्र १मध्ये होता. हे विधान अहवालाच्या तक्त्यावरून पडताळता येते.

संदर्भांची उतरंड ठरवून घ्या. अहवालात काय आहे, यासाठी संदर्भ अहवालाचाच, बातमीचा नव्हे. संगणकावरच्या प्रतींत पानांचे क्रमांक बदलतात, म्हणून भाग, प्रकरण आणि तक्त्याचा क्रमांक द्या आणि दुवा संग्रहित करून ठेवा. सरकारी संकेतस्थळे बदलली की जुने दुवे मरतात. अहवालाचा परिणाम काय झाला, यासाठी उलट अहवाल चालणार नाही, तिथे दुय्यम स्रोत हवेत : शोधनिबंध, संसदेतली उत्तरे, न्यायालयाचे आदेश, नावाजलेल्या वृत्तपत्रांची वार्तापत्रे. २०२३ साली आलेले त्यांचे आत्मचरित्र बालपण, शिक्षण, भेटीगाठी यांसाठी चांगला स्रोत आहे. शेजारी राहणाऱ्या इरावती कर्वे यांचा प्रभाव, पक्ष्यांचे वेड, सलीम अलींशी आलेला संबंध हे तिथून घेता येते. वादात कोण बरोबर होते हे ठरवण्यासाठी ते वापरू नये. वाहिन्यांच्या चर्चा, पुढे ढकललेले संदेश आणि विकिपीडियावरूनच उचललेल्या बातम्या संदर्भ म्हणून घेऊ नका. शेवटचा प्रकार ओळखायचा तर बातमीची तारीख आणि लेखाचा संपादन इतिहास शेजारी ठेवून पाहा. वाक्य लेखात आधी आले असेल तर बातमीने ते इथूनच घेतलेले आहे.

पुरस्कारांना एक परिच्छेद पुरे : पद्मश्री १९८१, भटनागर पुरस्कार १९८६, पद्मभूषण २००६, व्होल्वो पर्यावरण पुरस्कार २००३, जेन लुबचेन्को यांच्यासोबत टायलर पुरस्कार २०१५, संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ सन्मान २०२४. माहितीचौकटीत यातले तीनच ठेवा. छायाचित्र वृत्तपत्रातून उचलू नका. छायाचित्रकाराने मुक्त परवान्यात दिलेले, कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावरचे चित्र नसेल तर चौकट रिकामी राहिलेली चालेल. जन्मतारीख, शिक्षणसंस्था अशा गोष्टी विकिडेटा या सामाईक माहितीसाठ्यावरही दुरुस्त करा, नाहीतर तिथली चूक साच्यातून परत लेखात शिरते.

ज्यांनी गाडगीळ यांच्यासोबत काम केले आहे, त्यांच्याकडे शिक्षण घेतले आहे किंवा त्यांच्या विरोधात जाहीर भूमिका घेतली आहे, त्यांनी चर्चा पानावर तसे नोंदवून सूचना कराव्यात आणि लेखात बदल दुसऱ्या सदस्याला करू द्यावेत. त्यांच्याकडची माहिती मोलाची आहे, ती वाया जाऊ नये म्हणूनच ही काळजी.

कामाला लागताना सगळा लेख एका बैठकीत बदलू नका. मोठा बदल एकगठ्ठा उलटवला जातो आणि बरोबर गेलेलेही त्यात जाते. धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) एक विभाग लिहा, चर्चा पानावर मांडा, आठवडाभर वाट पाहा, मग लेखात हलवा आणि संपादन सारांशात कोणता आकडा कुठल्या तक्त्यावरून बदलला ते लिहा. वाद अडला तर चावडीवर (सर्व सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर) न्या. सुरुवात क्षेत्रफळांपासून करावी असे आम्हाला वाटते : १,२९,०३७, १,६४,२८०, ५९,९४० आणि ५६,८२५.७ या चार आकड्यांचा छोटा तक्ता, प्रत्येकापुढे कोणी, कधी आणि कोणत्या कागदात. तो चर्चा पानाच्या माथ्यावर राहिला तर पुढे येणाऱ्या प्रत्येक संपादकाला आपले वाक्य त्याच्याशी ताडून पाहता येईल.

आपले,
परिसरशास्त्र आणि पर्यावरण धोरण या विषयांचे काही अभ्यासक